थरथर कोणाची

आमच्या चिरंजीवांचा व्यवसाय धोका शोधण्याचा आहे. विमा कंपनीतर्फे तो लोकांची घरं, गोदामं, कारखाने पाहून येतो आणि कुठे काय पडेल, जळेल किंवा बुडेल ते सांगतो. कामाची आवड इतकी की सुट्टीच्या दिवशीही ते फुकट करतो, आणि त्यासाठी आमच्याकडे येतो. एका खेपेला त्याने जिन्याचा कठडा नापास केला, पुढच्या खेपेला गीझर. आणि आता तो आपल्या आईच्या गाडीत बसला.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. आमची ही दातांची डॉक्टर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून पाहिल्यावर एक दिवस हिने मान वर केली आणि एक पिवळी, बुटकी, छप्पर मागे दुमडणारी, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार घरी आणली. कोणाला विचारलं नाही. मला तर नाहीच. वस्तू जुनीच होती, आमच्याकडे येऊन ती आणखी जुनी झाली. दवाखाना बंद झाला, पेशंट दुसरीकडे तोंड उघडायला लागले, पण गाडी राहिली. मी निवृत्त ग्रंथपाल आहे. हिच्याशेजारच्या सीटवर शांतता राखून बसणं मला जड गेलं नाही. जोरात वळण घेताना मी डोळे मिटतो, इतकंच.

तर त्या दिवशी दुकानातून परत येताना कोपऱ्यावरच्या सिग्नलला गाडी थांबली. चिरंजीवांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना स्टिअरिंग थरथरताना दिसलं. स्टिअरिंग थरथरतं आहे, ते आईच्या हातात आहे, आई सत्तरीला टेकली आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांची बेरीज करायला त्याला दिवा हिरवा होईपर्यंतही थांबावं लागलं नाही.

"आई, तुझे हात थरथरतात," घरी आल्यावर टेबलाशी बसून तो म्हणाला.

"हात नाही. इंजिन."

"आई, तो कप बघा ना," सूनबाई हळूच म्हणाली. सूनबाई स्वभावाने चांगली आहे. वाईट बातमी ती नेहमी हळूच देते.

कप बशीत किणकिणत होता. हे खरं होतं. हिच्या डाव्या हाताची दोन बोटं अलीकडे स्वतःच्या मर्जीने वागायला लागली होती. म्हणून मी हिचा चहा एकदम न ओतता अर्धा-अर्धा ओतत असे. याबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नव्हतो. संसार जुना झाला की न बोलायच्या गोष्टींचाच सराव चांगला होतो. त्या दिवशी चहा सूनबाईने ओतला होता, काठोकाठ.

"कपाला इंजिन असतं का?" चिरंजीवांनी विचारलं.

"कप मी चालवत नाही," ही म्हणाली, "गाडी चालवते."

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन ही गॅरेजमध्ये गेली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि बघून सांगतो म्हणाला. गाडी घेऊन ही घरी पोचायच्या आत त्याने बघून सांगितलं, पण आमच्या मुलाला. गाडीच्या विम्याच्या निमित्ताने त्याच्याकडे मुलाचा नंबर होता. संध्याकाळी चिरंजीवांचा फोन आला. ही फोन स्पीकरवर ठेवून बोलते, त्यामुळे मी न ऐकण्याचं नाटक करायची गरज पडली नाही.

"आई, गॅरेजवाला म्हणाला, मॅडमना सांगा, आता पुरे."

"गाडी कोणाची?"

"तुझी."

"मी कधी पेशंटचा दात बघून त्याच्या मुलाला फोन केला?"

"आई, विषय तो नाही. मी रविवारी येतो. गाडी माझ्याकडे नेऊन ठेवतो. तू किल्ली तेवढी काढून ठेव."

ही थोडा वेळ गप्प बसली. ही गप्प बसली की पूर्वी पेशंट खुर्चीचे दांडे घट्ट धरत. मीही खुर्ची धरली.

"ये रविवारी," ही म्हणाली. "आपण दोघं त्याच सिग्नलला जाऊ. गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरलं, तर किल्ली तुझी. नाही थरथरलं, तर यापुढे माझ्या हातांबद्दल या घरात कोणी तोंड उघडायचं नाही. तोंड उघडायचंच असेल तर मी अजून दात तपासते."

पैज लागली. मी साक्षीदार झालो, म्हणजे नेहमीचंच.

दुसऱ्या दिवशी हिने मला बॉनेटसमोर उभं केलं, स्वतः आत बसली, हँडब्रेक ओढला आणि गिअर टाकून क्लच जरासा सोडला. ड्रिलचा आवाज ऐकून पेशंट खुर्चीतून अर्धा उठतो ना, तसं इंजिन आपल्या जागेवरून उठलं आणि धप्पकन परत बसलं.

"उठलं?" हिने विचारलं.

"उठलं."

"माउंटिंग गेली."

मग मला समजावून सांगितलं. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट ठेवत नाहीत. डाव्या-उजव्या बाजूला मध्ये रबराची एकेक जाड उशी असते. इंजिनाने काय थरथरायचं ते त्या उशीवर थरथरायचं, बाहेरच्यांना कळता कामा नये. उशी फाटली की आतलं सगळं बाहेरच्यांना कळायला लागतं. मला हे यंत्राचं न वाटता एखाद्या बऱ्या घराचं वर्णन वाटलं, पण मी बोललो नाही.

"दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवू," मी म्हणालो.

"तो कोणाला फोन करेल? तुम्हाला?" ही म्हणाली. "घरी करायचं."

उशा पार्सलने आल्या. शनिवारी सकाळी गाडी घराच्या बाजूच्या फरशीवर पुढून उचलून लोखंडी घोड्यांवर उभी केली. बॅटरीची तार काढली. हिने जुना दवाखान्यातला हिरवा झगा घातला, कपाळावर दिवा बांधला आणि स्टीलच्या ट्रेमध्ये पाने ओळीने मांडले. मला हातमोजे दिले.

"मी म्हणेन ते हातात द्यायचं. सल्ला द्यायचा नाही."

माझ्या नोकरीत आणि संसारात एवढाच फरक होता की नोकरीत मागितलेली वस्तू ओळखता यायची.

उशी काढताना इंजिन खाली येऊ नये म्हणून त्याच्या पोटाखाली जॅक लावावा लागतो, आणि जॅकचं लोखंड थेट टेकून तेलाचं चेंबर चेपू नये म्हणून मध्ये एक सपाट, जाड लाकूड. घरात तसं लाकूड एकच निघालं. निवृत्तीच्या वेळी दंतवैद्यांच्या संघटनेने हिला दिलेलं सन्मानचिन्ह. त्याच्यावर पितळी अक्षरांत 'प्रदीर्घ सेवेबद्दल' लिहिलं होतं. अक्षरं खाली करून आम्ही ते जॅकवर ठेवलं. इंजिनाचा भार त्याच्यावर आला तेव्हा ते जरासं करकरलं. इतकी वर्षं भिंतीवर नुसतं टांगून राहिल्यावर त्याच्यावर पहिल्यांदाच काही काम पडलं होतं.

डावी उशी तासाभरात निघाली. हिने ती चिमट्यात धरून माझ्यापुढे केली. रबर मधोमध फाटलं होतं आणि लोखंडाला लोखंड घासून चकाकत होतं.

"मुळापासून गेलाय," ही समाधानाने म्हणाली आणि ती ट्रेमध्ये टाकली. टण्ण आवाज झाला. मला वाटलं, आता मला चूळ भरायला सांगते.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजाऱ्यांचं डोकं वर आलं. हे गृहस्थ निवृत्तीनंतर सल्लागार झाले आहेत. त्यांचा सल्ला कोणी घेत नसल्यामुळे साठा भरपूर आहे.

"काय डॉक्टरीणबाई, गाडीचं रूट कॅनल का?"

"या, तुमचंही करून टाकते," ही गाडीखालून म्हणाली.

"अहो, या वयात हे असलं काम—"

"कोणाच्या वयात? तुमच्या?"

डोकं खाली गेलं.

उजवी बाजू अवघड निघाली. तिथून स्टिअरिंगचा दांडा जातो आणि बोल्ट त्याच्या पार मागे. तिथे डोळा पोचत नाही, पाना जेमतेम. हिने दवाखान्यातला लांब दांडीचा छोटा आरसा काढला, आत घातला आणि दाढेमागची कीड बघावी तसा बोल्ट बघितला. जुनी उशी निघाली, नवी जागेवर ठेवली. आता नवा बोल्ट चिमटीत धरून त्या अंधाऱ्या बोळात हातानेच आट्यात धरवायचा होता. मी प्रयत्न केला. माझी बोटं आतच गेली नाहीत. जन्मभर पुस्तकांची पानं उलटून बोटं जाड कशी होतात हे मला आजवर कळलेलं नाही.

"सरका," ही म्हणाली.

हिचा डावा हात आत गेला. हवेत होता तोवर बोल्टचं टोक लोखंडावर टकटक वाजत होतं. मी दुसरीकडे बघितलं.

"काय बघताय तिकडे? इकडे बघा," ही म्हणाली. "दात कोरताना हात कधी हवेत धरत नाहीत. शेजारच्या दातावर एक बोट टेकवायचं. पहिल्याच वर्षी शिकवतात."

हिने अनामिका सांगाड्याच्या कडेला टेकवली. टकटक थांबली. बोल्टने एक वेढा घेतला, दुसरा घेतला.

"धरला," ही म्हणाली.

मग बोल्ट शेवटपर्यंत आवळायचं काम माझ्याकडे आलं. त्यात अक्कल लागत नाही, फक्त लांब पाना लागतो. दिवसभरात मिळालेलं हे पहिलं स्वतंत्र काम होतं, म्हणून मी जीव खाऊन आवळलं. घरातल्या नळाच्या तोट्या, लोणच्याच्या बरण्या, खिडक्यांच्या कड्या मी अशाच आवळतो आणि नंतर त्या उघडायला हिला बोलावतो. दोन्ही बाजू दगडासारख्या घट्ट झाल्या. मग जॅक काढला, तार जोडली आणि हिने किल्ली फिरवली.

गाडी पूर्वी थरथरत होती. आता ती दात वाजवायला लागली. आरसा हलला, पुढच्या कप्प्याचं झाकण आपोआप उघडून आतला चष्मा शेजारच्या सीटवर पडला, आणि स्टिअरिंग असं नाचायला लागलं की चिरंजीवांना ते घरबसल्या दिसलं असतं.

शेजाऱ्यांचं डोकं परत वर आलं. "आधी बरी होती," ते म्हणाले.

हिने इंजिन बंद केलं. नेमका तेव्हा माझ्या खिशातला फोन वाजला. चिरंजीव.

"बाबा, आई फोन उचलत नाहीये. काय करतेय?"

"बाहेर आहे."

"बाहेर काय करतेय?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण चटकन येत नाही. एव्हाना ही परत गाडीखाली शिरली होती. "खाली पडली आहे," मी म्हणालो.

"पडली?"

"अरे, स्वतःहून. गाडीखाली. इंजिन दुरुस्त करतेय."

धोका मोजणाऱ्या माणसाला एका वाक्यात एवढा धोका सहसा मिळत नाही.

"मी आत्ता निघतो," तो म्हणाला. "उद्या वगैरे काही नाही. किल्ली काढून घ्या तिच्याकडून, बाबा. ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो. ते खरंच होतं. ऐकत तर होतोच.

ही गाडीखालून बाहेर आली आणि फरशीवर मांडी घालून बसली. मी चहा आणला, अर्धा कप. हिने तो घेतला, कपात बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "किती दिवस अर्धा-अर्धा देणार आहात?"

"तू म्हणशील तेवढे."

"पूर्ण देत जा. सांडला तर सांडला. पुसायला तुम्ही आहातच." मग कप ठेवून म्हणाली, "गॅरेजवाल्याला बोलवायचं असेल तर आत्ताच सांगा. म्हणजे तुम्हालाही घराबाहेर काढते."

"नाव काढलं का मी?"

"तुम्ही बोल्ट आवळलेत तेव्हा जॅक कुठे होता?"

"खाली. लावलेला."

"म्हणजे इंजिन उचललेलं होतं?"

"मला तो काढायला कोणी सांगितलं नव्हतं."

"मीही सांगितलं नाही," ही म्हणाली, आणि हिचा चेहरा हळूहळू उजळला. "पेशंटचं तोंड उघडं असताना आपण कॅप पक्की केली. चावायला तरी सांगायचं होतं त्याला."

मला कळेना. तेव्हा हिने मला पेशंट केलं. "आ करा. आता मिटा. दात जागेवर बसले? दाताची टोपी घासून बसवायची ती पेशंटने दात मिटून, इकडेतिकडे चावून, स्वतःची जागा घेतल्यावर. जबरदस्तीने उघडलेल्या तोंडात पक्की केली तर जन्मभर टोचते. इंजिन जॅकवर टांगलेलं असताना आपण उशा आवळल्या. मग भार आला आणि रबर पिळलं गेलं. पिळलेल्या उशीवर कोणाला झोप लागेल?"

"मग सैल करायचं?"

"सगळं. तुम्ही आवळलंय, तेव्हा पाना मोठा आणा."

मी माझ्याच कर्तृत्वाशी झटत होतो तेव्हा कुंपणापलीकडचे शेजारी उभे राहून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "सैल करून कुठे थरथर जाते का? अजून घट्ट करा," ते म्हणाले.

"आमच्या घरात तेच करत आलेत सगळे," ही म्हणाली.

बोल्ट सैल केले, पण काढले नाहीत. इंजिनाखाली आता जॅकचा आधार नव्हता. हिने बॉनेटखाली दोन्ही हात घालून इंजिन हलवलं, डावीकडे, उजवीकडे, झोपलेल्याला कूस बदलायला लावावी तसं. मग मला किल्ली फिरवून ते थोडा वेळ चालू ठेवायला सांगितलं. ते कुरकुरलं, सरकलं, आणि कुठेतरी आत एक बारीक 'टक' आवाज झाला.

"चावलं," ही म्हणाली. "बंद करा. आता आवळा. माणसासारखं."

मी माणसासारखं आवळलं आणि गाडी खाली घेतली. हिने परत किल्ली फिरवली. मला आधी वाटलं, चालूच झालं नाही. कान दिल्यावर खालून बारीक गुणगुण ऐकू आली. चष्मा कप्प्यात होता तिथेच राहिला. सन्मानचिन्ह मी पुसत उभा होतो, ते हिने माझ्या हातातून घेतलं आणि डॅशबोर्डवर उभं ठेवलं. पडलं नाही.

कुंपणापलीकडे शांतता होती. ग्रंथालयात इतकी शांतता मला कधी राखता आली नव्हती.

चिरंजीव आले ते दार आपटूनच उतरले. मागून सूनबाई, हातात औषधांची पेटी. हिने झगा काढला होता, पण कपाळावरचा दिवा राहिला होता.

"आई, किल्ली."

"पैज झाली की मग. बस."

"आई, आता कसली पैज? तू गाडीखाली—"

"राजा, बस. नाहीतर हरलास."

तो बसला. लहानपणीही याच आवाजाला तो तोंड उघडायचा. गाडीत सीटं दोनच, त्यामुळे सूनबाई आणि मी कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि सिग्नलजवळच्या फुटपाथवर उभे राहिलो. संध्याकाळची वर्दळ होती. पिवळी गाडी छप्पर उघडं टाकून आली आणि तांबड्या दिव्याला आमच्यासमोर थांबली. आम्ही हात लांब केला असता तर लागला असता.

हिने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले आणि मुलाच्या नाकासमोर पसरले.

"बघ."

त्याने स्टिअरिंगकडे बघितलं. ते भिंतीवरच्या घड्याळासारखं गप्प होतं. तेही बंद पडलेल्या. मग त्याने हिच्या हातांकडे बघितलं. उजवा हात स्थिर होता. डाव्याची दोन बोटं थरथरत होती, भर संध्याकाळी, चारचौघांत, अगदी उघड. सूनबाईने माझा दंड धरला.

"आई," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज विमा कंपनीचा नव्हता, "हा हात..."

"हा माझा आहे. याचं माउंटिंग मिळत नाही. मिळालं असतं तर तेही घरी बदललं असतं." हिने डावा हात स्टिअरिंगवर टेकवला. बोटं थांबली. "हवेत धरला की थरथरतो, टेकवला की थांबतो. मी गाडी टेकवून चालवते. आज याच हाताने अंधारात, न बघता बोल्ट आट्यात धरलाय, बाबांना विचार. ज्या दिवशी तो धरता येणार नाही, त्या दिवशी किल्ली मी स्वतः तुझ्या हातात आणून देईन. गॅरेजवाल्याने फोन केला म्हणून नाही देणार. पैज कशाची होती?"

"स्टिअरिंगची."

"मग?"

तो काहीतरी मोजत होता. त्याची सवयच आहे. बराच वेळ मोजून झाल्यावर म्हणाला, "कपाळावरचा दिवा तरी काढ."

"राहू दे. लांबून मी दिसते."

मागच्या गाडीने भोंगा वाजवला.

"आई, हिरवा झाला."

"दिसतो मला. डोळ्यांबद्दल अजून कोणी काही बोललेलं नाही."

आणि गाडी निघाली. कोपऱ्यावर वळून घरी यायचं ठरलं होतं. ती वळली नाही. सरळ गेली, मोठ्या रस्त्याला लागली आणि बसच्या मागे दिसेनाशी झाली.

"कुठे गेले?" सूनबाईने विचारलं.

"किल्ली तिच्याकडे आहे," मी म्हणालो.

आम्ही चालत घरी आलो. मी ट्रेमधल्या जुन्या उशा फेकल्या नाहीत, आरसा पुसून ठेवला आणि चहाचं आधण टाकलं. एवढ्यात फोन वाजला. पलीकडून वारा ऐकू येत होता, आणि वाऱ्यातून चिरंजीव.

"बाबा, आई थांबतच नाहीये."

"थरथर आहे का?"

त्याने बहुतेक खरंच तपासलं असावं. "नाही," तो म्हणाला.

"मग डोळे मिटून बस," मी म्हणालो, आणि हिच्यासाठी कप काठोकाठ भरून ठेवला.